दोन रांजणांमधले जुन्नर

दिवाळीची सुटी लागली की घरोघरी दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, चार दिवस स्वस्थ पडावे, चकल्या खाव्यात आणि दिवाळी अंक वाचावेत. दुसरा म्हणतो, कुठेतरी जाऊ या. आमच्या घरी पहिल्या पक्षात मी एकटा आणि दुसऱ्यात बाकीचे सारे, त्यामुळे निकाल आधीच ठरलेला असतो. थंड हवेच्या गावी खोली मिळत नाही आणि मिळाली तर तिचे भाडे ऐकून आपल्यालाच थंडी वाजते. अशा वेळी सौभाग्यवतींच्या मामांचा निरोप आला, “भाऊबीज आटोपली की या. जुन्नर दाखवतो.”

मामा निवृत्त शिक्षक. नारायणगावच्या अलीकडे त्यांचा मळा आहे. थोडा ऊस, थोडी द्राक्षे. तीस-बत्तीस वर्षे पोरांना इतिहास-भूगोल शिकवून ते तृप्त झालेले नाहीत, त्यामुळे घरी पाहुणा आला की त्याचाही वर्ग भरतो.

जुन्नर म्हणजे शिवनेरी, ही आपली समजूत. पुण्याहून नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर जायचे, गड चढायचा, शिवजन्माच्या वास्तूपुढे हात जोडायचे, गडाखाली मिसळ खायची आणि दिवेलागणीला घरी. मीही हाच बेत मांडला. मामा म्हणाले, “जावईबापू, गडाला तुम्ही जाणारच. पण जुन्नर गडापासून बघायचं नाही, घाटापासून बघायचं. पाणी जसं उतरतं तसं आपण उतरायचं.”

दुसऱ्या दिवशी पहाटे अभ्यंगस्नान नसूनही सगळ्यांना उठवण्यात आले.

जुन्नर मागे टाकून पश्चिमेकडे निघाले की तीस-पस्तीस किलोमीटरवर नाणेघाट. उजाडता उजाडता माणिकडोह धरणाचे पाणी दिसू लागले. शहाजीसागर हे त्याचे नाव. पुढे चावंडचा किल्ला, मग जीवधन आणि त्याला खेटून उभा असलेला वानरलिंगीचा सुळका. घाटघर गाव ओलांडले की सपाटी अकस्मात संपते आणि पुढे एकदम आकाश! पठाराच्या काठावरून खाली पाहिले तर कोकण. मुरबाडकडची भातखाचरे तांबूस-सोनेरी झालेली, मध्ये धुक्याचे पुंजके. डाव्या-उजव्या दोन कड्यांमध्ये एक अरुंद घळ आहे. माणसाने ती आणखी फोडून, पायऱ्या खोदून वाट केली. हाच नाणेघाट. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल याच घळीतून देशावर चढे, आणि पठारावर आल्यावर त्याला भेटणारे पहिले मोठे गाव म्हणजे जुन्नर. हे गाव इथे का वसले, याचे उत्तर गावात नाही, या घळीत आहे.

घळीच्या तोंडाशी दगडाचा एक भलामोठा रांजण आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्याने जकातीची नाणी यात टाकावीत, म्हणून हा नाणेघाट, असे परंपरा सांगते. गावकऱ्यांची गोष्ट निराळी आहे. नाना आणि गुणा असे दोघे भाऊ होते, घाट आधी कोण फोडतो अशी पैज लागली आणि नाना जिंकला! शेजारच्या उंच कड्याला नानाचा अंगठा म्हणतात, तो म्हणे त्याच विजयाचा. आमच्या चिरंजीवांना दुसरी गोष्ट पसंत पडली, कारण पैज त्यांना समजते. जकात अजून समजायची आहे.

घळीतून थोडे उतरले की उजळ कातळात खोदलेले एक दालन लागते. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरांत एक दीर्घ लेख आहे. सातवाहन राजा सातकर्णी याची राणी नागनिका हिच्या घराण्याचा तो लेख. बहुतेक अभ्यासक तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. कोणते यज्ञ केले, दक्षिणेत किती गाई, घोडे, हत्ती, किती गावे आणि किती कार्षापण दिले, याचा त्यात हिशेब आहे. आकडे लिहिण्याची आपली पद्धत कशी घडत गेली, हे शोधणाऱ्यांना या हिशेबातल्या अंकांचे फार मोल वाटते. मागच्या भिंतीशी राजा-राणीच्या आणि त्यांच्या माणसांच्या मूर्ती होत्या. वर त्यांची नावे कोरलेली आहेत, मूर्ती मात्र गेल्या. पायांच्या खुणा तेवढ्या शिल्लक आहेत.

मामा म्हणाले, “आता राजाराणी पुरे. इकडे या.” आणि त्यांनी आम्हाला वाटेच्या कडेला खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांपाशी नेले. चौकोनी, गार, काळसर हिरव्या पाण्याने भरलेली. मुलीने विचारले, “आजोबा, हे पाणी कोण भरतं?” मामा हसले. “पाऊस भरतो. खडकाच्या भेगांतून पाझर येतो. माणसानं फक्त जागा करून दिली.” बंदरापासून घोडा, बैल, माणूस धापा टाकीत वर येई, त्याला पहिल्याने हे पाणी मिळे. जुन्या लेखांत अशा टाकीला ‘पोढी’ म्हणतात आणि ती खोदवून देणाऱ्याच्या दानाला ‘देयधम’. जुन्नरच्या लेण्यांत असे देयधम पुष्कळ आहेत. इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढ्या दिल्या, असा लेख आहे. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेला परका माणूस. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक पोढी दिली. कोणी शेताचे उत्पन्न लावून दिले ते करंजाची झाडे लावण्यासाठी. कासार आणि वेळूची कामे करणारे यांच्या श्रेणींकडे रकमा ठेवून त्यांच्या व्याजावर धर्मादाय चालविल्याचेही उल्लेख आहेत. बँक म्हणजे साहेबाने आणलेली गोष्ट, अशी समजूत असेल तर ती इथे सोडून जावी.

हे सारे मामा वहीतून वाचून दाखवीत होते, तेवढ्यात शेजारच्या खडकावर आमची नजर गेली. कोणी पांढऱ्या रंगाने आपले नाव, गाव आणि एका मुलीचे नाव मोठ्या अक्षरांत रंगविले होते. सौ. म्हणाल्या, “इरिलानंही नावच लिहिलं की!” मामा म्हणाले, “लिहिलं, पण आधी टाकं खोदलं.”

घाटाच्या माथ्यावर एका म्हाताऱ्या बाबांची चहाची टपरी होती. त्यांनी गुळाचा चहा दिला. चिरंजीवांनी त्यांना विचारले, इथे पावसाळ्यात धबधबा उलटा वर उडतो, ते खरे का? “खरं हाय की,” बाबा म्हणाले. “कोकणातनं वारा येतो, त्यो पाण्याला खाली पडूच देत न्हाई. लई लोकं येत्यात बघाया. गाड्यांची रांग लागती.” मग थोडे थांबून ते सौ.ना म्हणाले, “पर ताई, चैतात या एकदा. आमच्या बाया हंडा घेऊन कुठवर जात्यात ते बघाया कोण येत न्हाई. पाऊस आमचा, पाणी खालच्यांचं.”

मामांचा मळा खालच्यांतला. धरणाचे पाणी त्यांच्या चारीला येते. ते म्हणाले, “बाबा, खालीही काही नुसतं वाहत नाही. एका आवर्तनासाठी आम्हाला भांडावं लागतं. आमच्या पुढं पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळा, सगळ्यांची तोंडं त्याच पाण्याकडं.”

बाबा म्हणाले, “भांडा की. भांडाया तरी तुमच्याकडं पाणी हाय.”

यावर मामा काही बोलले नाहीत. चहाचे पैसे बाबा घेईनात, तेव्हा सौ.नी फराळाचा डबा त्यांच्या पुढ्यात ठेवला. उतरताना गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

पूर गावात कुकडेश्वराचे जुने दगडी देऊळ आहे. कुकडी नदीचा उगम या परिसरातला. इथे ती एवढीशी असते की मुलांनी उडी मारून पलीकडचा काठ गाठला. हीच नदी पुढे माणिकडोहला अडते, जुन्नरच्या जवळून वाहते, ओझरच्या विघ्नहराला वळसा घालते, येडगावला पुन्हा अडते आणि पारनेर-शिरूरच्या हद्दीवरून घोड नदीला मिळते. तिच्याबरोबर आपण उतरायचे, हा मामांचा बेत.

जुन्नर गावात शिरताना माणूस मनात राजधानी घेऊन येतो आणि समोर तालुक्याचे गाव दिसते. एस. टी.चा थांबा, भुसारी दुकाने, भाजीच्या पाट्या, मधूनच एखादी नक्षीदार कमान किंवा घुमट. पण थोडे हिंडा. मलिक अहमद इथे बहमनी सुलतानाचा सुभेदार होता. १४९० साली तो स्वतंत्र झाला आणि निजामशाही सुरू झाली. चार वर्षांनी त्याने अहमदनगर वसवायला घेतले, त्याला २०२४ पासून आपण अहिल्यानगर म्हणतो. म्हणजे नगरच्या आधी नगरची राजधानी इथे होती. गावाबाहेरच्या हापूसबागेचे नाव आंब्यावरून पडलेले नाही. ती मूळची हबशीबाग, असे म्हणतात. जुन्या काळी इथे हाताने कागद बनत आणि ‘जुन्नरी’ कागद दप्तरांत नावाजलेला होता. १६७५ साली जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर मुंबईहून सह्याद्री चढून इथल्या मोगल अधिकाऱ्याकडे आला आणि त्याने आपल्या प्रवासाच्या पुस्तकात जुन्नरचे वर्णन लिहून ठेवले. ज्याला त्याला हे गाव हवे होते, कारण घाट ज्याच्या हाती त्याच्या हाती बंदराचा माल.

दुपारी गावातल्या एका साध्या खाणावळीत मासवडी आणि झणझणीत रस्सा खाल्ला. नाव मासवडी, पण मासा नाही. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरे, लसूण यांचे सारण भरून तिची वळकटी करतात आणि वड्या कापतात. पाककृती विचारायला सौ. चुलीपाशी गेल्या, त्या अर्ध्या तासाने बाहेर आल्या. आमच्या प्रवासातली ऐतिहासिक संशोधने अशीही होत असतात.

शिवनेरीबद्दल मी थोडेच लिहितो, कारण त्याबद्दल मराठी माणसाला सांगायचे म्हणजे आईला माहेर सांगण्यासारखे आहे. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवराय इथे जन्मले. सात दरवाजे ओलांडून वर जावे, शिवाईचे दर्शन घ्यावे, जन्मस्थानापुढे उभे राहावे. बोलणे आपोआप बंद होते, मुलांचेसुद्धा झाले. ज्या गडावर ते जन्मले तो मोगलांच्या ताब्यात गेला आणि त्यांच्या हयातीत परत मिळवता आला नाही, हे ऐकून आमची मुलगी हिरमुसली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतले, त्यांत शिवनेरी आहे, हे सांगितल्यावर तिची थोडी समजूत पटली. मला मात्र गडावर सर्वांत जास्त आठवते ते गंगा-जमुना टाक्यांचे पाणी. उन्हाने भाजलेल्या कातळाच्या पोटात ते इतके नितळ आणि गार होते की टाके कितीही जुने असो, पाणी कालचे वाटावे. जिजाऊंनी बाळंतपणाला हाच गड का निवडला, याची कारणे इतिहासकार देतील. पण बाळंतिणीच्या गडावर पाणी आधी लागते, हे कोणत्याही आजीला विचारा.

त्याच संध्याकाळी लेण्याद्री गाठली. जुन्नरच्या सभोवार लेणाद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी अशा डोंगरांत मिळून दोनशेच्यावर लेणी आहेत. एका गावाभोवती इतकी लेणी देशात दुसरीकडे नाहीत. लेण्याद्रीवरची तीस-एक लेणी बौद्ध भिक्षूंची. त्यांतल्या सातव्या लेण्यात आता गिरिजात्मज गणपती आहे. अष्टविनायकांपैकी डोंगरातल्या लेण्यात बसलेला हा एवढाच. पायऱ्या जवळपास तीनशे. चढवत नसेल त्याला डोली मिळते. वरच्या ओसरीत बसून खाली पाहिले की कुकडीचे खोरे, पलीकडे शिवनेरी आणि मधोमध गाव असे सगळे एका ताटात वाढल्यासारखे दिसते. भिक्षू इथे पावसाळ्यात राहत, व्यापारी त्यांना लेणी देत, आणि लेण्यागणिक शेजारी पाण्याचे टाके. देणारे निराळे, देव निराळे, पाणी तेच.

रात्री मळ्यावर आलो तेव्हा साडेसात झाले होते. मामींनी मुलांना गाडीतून थेट घरात घेतले आणि दाराला कडी लावली. “आता सकाळपर्यंत अंगणातसुद्धा नाही,” त्या म्हणाल्या. चिरंजीवांना वाटले, चोरांची भीती. मामी म्हणाल्या, “चोर परवडला रे राजा. वाघ्या आहे.” त्या भागात बिबट्याला वाघ म्हणायची चाल आहे. शेजारच्या मळ्यातले वासरू आठच दिवसांपूर्वी गेले होते.

मामांनी वर्ग भरविला, पण या वेळी आवाज खाली होता. धरणे झाली, पाणी खाली आले, तसा ऊस वाढला. ऊस वर्षभर उभा असतो. आत गारवा, पाणी, लपायला जागा. बाहेर कुत्री, डुकरे, शेळ्या. बिबट्याला याहून काय हवे? त्याच्या आता अशा पिढ्या झाल्या आहेत की ज्यांनी जंगल पाहिलेच नाही. उसात जन्मतात, उसात वाढतात. दिवाळीनंतर तोड सुरू झाली की फडात पिले सापडतात. वनखात्याची माणसे ती तपासून त्याच जागी टोपलीत ठेवतात, म्हणजे रात्री आई येऊन घेऊन जाते. पिले नेली तर ती चवताळते. पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे. तरीही माणसे दगावली आहेत, आणि त्यांत लहान मुले फार. “सगळ्यात भ्या ऊसतोडवाल्यांच्या पोरांचं,” मामी म्हणाल्या. “आमचं दार तरी आहे. त्यांची कोपी पाचटाची, अन् तीही फडाच्या कडेला.”

हे ऐकून मुले गप्प झाली, तेव्हा मामांनी एक गोष्ट सांगितली. ती खरी आहे. २००९ साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला काढून, गळ्यात यंत्र बांधून, माळशेज घाटात सोडले. तो तिथून चालत निघाला, रूळ आणि रस्ते ओलांडीत, रात्रीच्या रात्री, माणसाला अपाय न करता, सुमारे सव्वाशे किलोमीटर जाऊन मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापाशी पोचला. अभ्यासकांनी त्याचे नाव ‘आजोबा’ ठेवले होते. २०११ साली महामार्गावर गाडीखाली सापडून तो मेला. पुढे त्याच्यावर मराठी चित्रपटही निघाला. चिरंजीव मामांना म्हणाले, “आजोबा, म्हणजे तो घाट उतरून बंदराकडे गेला!” मामा क्षणभर त्याच्याकडे बघतच राहिले. तीस वर्षांत असा विद्यार्थी मिळाला नाही, असे त्या बघण्यात होते.

मग ते मला म्हणाले, “घाटघरचे बाबा बोलले ते डोक्यातून जात नाही. वर पाणी नाही म्हणून माणूस गाव सोडतो. खाली पाणी आलं म्हणून बिबट्या आला. आणि ऊस तर मीही लावलाय.” मी काय बोलणार? त्यांच्याच उसाचा रस दुपारी दोन पेले प्यायलो होतो.

तिसऱ्या दिवशी खोडदच्या बाजूने निघालो. रस्त्यावरून मोठाल्या जाळीदार तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसल्या. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही रेडिओ दुर्बीण. अशा तीस तबकड्या आहेत आणि प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. रेडिओचा गोंगाट इथे कमी, म्हणून ही जागा निवडली. कल्याण-नगर रस्त्यावर आणे घाटात गुळुंचवाडीला ओढ्याने खडक कोरून केलेला नैसर्गिक पूल आहे, तोही पाहावा. वाकून खालून जाताना मुलांना जी मजा येते ती कोणत्याही बागेत येत नाही.

शेवटचा मुक्काम निघोज. इथे कुकडीचे पात्र काळ्या कातळातून जाते आणि त्या कातळात नदीने रांजण कोरले आहेत. हो, रांजणच! गोल, खोल, गुळगुळीत, एकमेकांत मिसळलेले. पुराच्या पाण्यात भोवरा होतो, त्यात गोटे सापडतात आणि खडकावर फिरत राहतात. जात्यात दाणा दळावा तसा खडक दळला जातो. हजारो वर्षे हे दळण चालले आहे. लोक यांना रांजणखळगे म्हणतात. काठावर मळगंगेचे देऊळ आहे. पाणी उतरलेले असेल तेव्हाच खळगे नीट दिसतात. पण कडा निसरड्या आहेत, मुलांचा हात सोडू नये आणि पाण्यात मुळीच उतरू नये.

नदीच्या वरच्या टोकाशी माणसाने कोरलेला एक रांजण, घेण्यासाठी ठेवलेला. खालच्या अंगाला नदीने कोरलेले शेकडो, कोणी न सांगता केलेले. मध्ये जुन्नर. या गावावर सातवाहनांनी, निजामशाहीने, मोगलांनी, मराठ्यांनी राज्य केले, पण ते जगले ते टाकी खोदणाऱ्यांच्या जिवावर. इरिलाचे टाके पिणाऱ्याला त्याची जात, गाव, देव विचारीत नव्हते. आज धरणे त्या टाक्यांहून लाखपटींनी मोठी आहेत, आणि घाटमाथ्यावरची बाई हंडा घेऊन उभीच आहे. हे कोडे मामांसारख्या शिक्षकाला सुटले नाही, ते मला दोन रात्रींच्या मुक्कामात कुठून सुटणार? पण आपल्या मुलांनी ते एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढे मला नक्की वाटते. पुस्तकातला इतिहास सनावळीने येतो. इथे तो उतारावरून येतो.

तेव्हा वाचकहो, जाणार असाल तर कार्तिकात जा. दोन रात्री तरी राहा. आधी नाणेघाट, मग कुकडेश्वर, मग गाव, शिवनेरी आणि लेण्याद्री, शेवटी निघोज, हा क्रम मोडू नका. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा. घाटघरला चहा प्या आणि पैसे द्या, घेईनात तरी द्या. खडकावर नाव लिहू नका. फारच हौस असेल तर आधी एक टाके खोदून या. आणि प्यायचे पाणी घरून भरून न्या. वरचे पाणी वरच्यांना पुरत नाही. रिकाम्या बाटल्या तेवढ्या आठवणीने परत आणा.